नर बांधतो, मादी पारखते

सुगरणीचा झुलता खोपा विणतो नर. मादी येते ती पारखायला. अर्धवट खोपा तिला पटला तरच पुढचं काम पुरं होतं. पक्षीशास्त्रज्ञ सलीम अली यांनी 1930मध्ये अलिबागजवळच्या किहीमला हा व्यवहार बारकाईने टिपला. पण मादी नेमकं काय पाहते? सुहेल कादर या परिसंस्थाशास्त्रज्ञाने याचा छडा लावला. विणकामाच्या कौशल्यापेक्षा खोप्याची जागाच भारी ठरली. उंचावर, बारीक फांदीला, काटेरी झाडावर असलेला खोपा माद्यांना अधिक पसंत. घर घेताना आपण तरी वेगळं काय करतो?

एका प्रजातीचं वर्तन एकटा संशोधक उलगडू शकतो. देशभरच्या पक्ष्यांची खबर ठेवायला मात्र हजारो डोळे लागतात. कादर लोकांना सोबत घेण्याच्या त्या वाटेला वळले. 2007मध्ये सुरू झालेल्या ‘मायग्रंटवॉच’ या उपक्रमात स्थलांतरित पक्षी कधी आले, याच्या नोंदी सामान्य माणसांनी केल्या. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा 2020चा अहवाल अशाच हौशी निरीक्षकांच्या 1 कोटीहून अधिक नोंदींवर उभा आहे.

तुम्हीही ‘ई-बर्ड’ या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर पंधरा मिनिटांत दिसलेल्या पक्ष्यांची यादी नोंदवा. दुर्मीळ पक्षीच हवा असं नाही, कावळे-चिमण्याही मोजा.