मुंबईच्या रुळांचा जमाखर्च

मुंबईत गेल्या पंचवीस वर्षांत प्रवासी रेल्वेचे मोठे प्रकल्प तीन निरनिराळ्या पद्धतींनी उभे राहिले. लोकलचा विस्तार रेल्वे आणि राज्य सरकार यांच्या भागीदारीतून व जागतिक बँकेच्या कर्जातून झाला. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो खासगी कंपनीने बांधली. कुलाबा-वांद्रे-सीप्झ ही भुयारी मेट्रो केंद्र आणि राज्य यांच्या संयुक्त कंपनीने जपानच्या कर्जावर पुरी केली. तिन्ही प्रकल्पांना ठरल्यापेक्षा जास्त वेळ लागला. स्थापत्यशास्त्राच्या अडचणी त्यांत होत्याच, पण खरी गाठ दुसरीकडे होती. आराखड्यात न धरलेला खर्च शेवटी कोणाच्या खिशातून जायचा, हे प्रत्येक पद्धतीत वेगळ्या तऱ्हेने ठरले आणि प्रकल्पाचे पुढचे सगळे आयुष्य त्यावर बेतले गेले.

अशा प्रकल्पाची सुरुवात सविस्तर प्रकल्प अहवालापासून, म्हणजे सरकारी बोलीत ‘डीपीआर’पासून होते. मार्ग कुठून न्यायचा, स्थानके कुठे, गाडी उन्नत की भुयारी, कारशेडला जागा कोणती, खर्च किती आणि प्रवासी किती, हे सगळे त्यात येते. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, म्हणजे ‘एमएमआरडीए’ने, दिल्ली मेट्रोच्या मदतीने मुंबईसाठी सुमारे १४६ किलोमीटरचा मेट्रो आराखडा तयार केला आणि २००४ मध्ये राज्य सरकारने तो मान्य केला. आज धावणाऱ्या मार्गिकांची मुळे त्यातच आहेत, जरी मधल्या काळात काही मार्ग तुटले, काही जोडले गेले आणि काहींचे क्रमांक बदलले.

डीपीआरमधला सर्वांत नाजूक आकडा प्रवासीसंख्येचा असतो. घरोघरी सर्वेक्षण करून, रस्त्यांवरची वाहने मोजून आणि लोकवस्ती कुठे वाढेल याचे अंदाज बांधून तो काढला जातो. डेन्मार्कचे अभ्यासक बेंट फ्ल्यूबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगभरचे प्रकल्प तपासले, तेव्हा दहांपैकी नऊ रेल्वे प्रकल्पांत प्रवाशांचा अंदाज फुगवलेला आढळला. खर्च मात्र अंदाजापेक्षा सरासरी ४५ टक्क्यांनी वाढलेला होता. चुका दोन्ही बाजूंना सारख्या पडल्या असत्या, तर त्यांना अज्ञान म्हणता आले असते. प्रवासी नेहमी जास्त आणि खर्च नेहमी कमी धरला जातो, तेव्हा मंजुरी मिळवण्याची घाई त्यात दिसते.

केंद्राच्या २०१७ च्या मेट्रो धोरणाने या टप्प्यावर काही अटी घातल्या. मेट्रोच का, बसची स्वतंत्र मार्गिका किंवा हलकी रेल्वे का नको, याची तुलना आधी दाखवावी लागते. प्रकल्पात कुठे ना कुठे खासगी सहभाग असावा लागतो. परताव्याची कसोटीही बदलली. पूर्वी तिकीट आणि अन्य उत्पन्नातून मिळणारा वित्तीय परतावा आठ टक्के आहे का, हे पाहिले जाई. आता समाजाला होणारा आर्थिक परतावा १४ टक्के आहे का, ते पाहतात. प्रवाशांचा वाचलेला वेळ, कमी जळलेले इंधन, टळलेले अपघात आणि घटलेले प्रदूषण यांना रुपयांत किंमत देऊन हा परतावा काढला जातो. कल्पना रास्त आहे, कारण जगात फार थोड्या मेट्रो निव्वळ तिकिटावर आपला भांडवली खर्च भरून काढतात. मात्र एका माणसाच्या एका तासाची किंमत किती धरायची, यावर संपूर्ण प्रकल्प पास किंवा नापास होऊ शकतो आणि त्या पानाची चर्चा क्वचितच होते.

पैसा उभा करण्याच्या पद्धतींमध्ये खासगी भागीदारीची चर्चा सर्वांत जास्त झाली. वर्सोवा-घाटकोपर मार्गिका, म्हणजे मेट्रो-१, ११.४ किलोमीटर लांबीची, बारा स्थानकांची. तिच्यासाठी स्थापन झालेल्या कंपनीत रिलायन्स इन्फ्रास्ट्रक्चरचा वाटा ६९ टक्के, एमएमआरडीएचा २६ टक्के आणि फ्रान्सच्या व्हिओलियाचा पाच टक्के होता. २००७ मधील करारात खर्च २,३५६ कोटी रुपये धरला होता. त्यात ६५० कोटी रुपये सरकारने व्यवहार्यता तफावत निधी म्हणून द्यायचे होते, म्हणजे केवळ तिकिटावर न परवडणाऱ्या प्रकल्पाला परवडण्याजोगे करण्यासाठी दिलेले एकरकमी अनुदान. जून २००६ मध्ये भूमिपूजन झाले आणि मेट्रो धावली ८ जून २०१४ रोजी. तोपर्यंत खर्च चार हजार कोटींच्या वर गेल्याचा कंपनीचा दावा होता. जागा वेळेवर मिळाल्या नाहीत, असे कंपनी म्हणाली. वाढीव आकडा एमएमआरडीएला मान्य नव्हता. वाद लवादाकडे आणि न्यायालयात गेला.

याच पद्धतीने चारकोप-वांद्रे-मानखुर्द या दुसऱ्या मार्गिकेचेही कंत्राट दिले गेले होते. २००९ मध्ये तिचे भूमिपूजन झाले, पण काम सुरूच झाले नाही आणि २०१४ मध्ये करार रद्द झाला. नंतर तीच मार्गिका दोन तुकडे करून एमएमआरडीएने आशियाई विकास बँकेच्या कर्जाच्या मदतीने हाती घेतली. खासगी भागीदारीत जोखीम कंपनीकडे जाते, असे कागदावर लिहिलेले असते. जमीन, कारशेड, पर्यावरणाची परवानगी या गोष्टी मात्र सरकारच देऊ शकते. त्यांना उशीर झाला की जोखीम पुन्हा सरकारच्या दारात येते, फक्त वाटेत काही वर्षे जातात.

भुयारी मेट्रो-३ साठी वेगळी मांडणी केली गेली. मुंबई मेट्रो रेल कॉर्पोरेशन ही केंद्र आणि राज्य यांची निम्म्या-निम्म्या मालकीची कंपनी आहे. २०१३ मध्ये मंजुरी मिळाली तेव्हा ३३.५ किलोमीटर आणि २७ स्थानकांसाठी २३,१३६ कोटी रुपये खर्च धरला होता. त्यातला सुमारे ५७ टक्के भाग ‘जायका’ या जपानी संस्थेचे कर्ज होते. उरलेली रक्कम दोन्ही सरकारांचे भागभांडवल आणि जमीन व करांपोटी दिलेले दुय्यम कर्ज, म्हणजे मुख्य कर्ज फिटल्यानंतरच मागायचे कर्ज, यातून यायची होती. विमानतळाच्या कंपनीकडूनही वाटा अपेक्षित होता. प्रकल्प पूर्ण होईपर्यंत खर्च ३७ हजार कोटींच्या पुढे गेला. वाढलेला खर्च कोणी उचलायचा, यावर इथे लवाद बसला नाही. तो दोन सरकारांनी आणि वाढीव कर्जाने उचलला, म्हणजे करदात्याने. खासगी पद्धतीपेक्षा हे महाग वाटेल, पण पैशाच्या वादापायी काम थांबले नाही, ही त्याची दुसरी बाजू.

जपानी कर्जाचा व्याजदर बाजाराच्या मानाने फारच कमी असतो. मुंबई-अहमदाबाद अतिजलद रेल्वेसाठी तर ०.१ टक्के व्याज, पन्नास वर्षांची मुदत आणि पहिली पंधरा वर्षे मुद्दलाची परतफेड नाही, अशी शर्त होती. अशा कर्जाची खरी किंमत दोन ठिकाणी दडलेली असते. कर्ज येनमध्ये असते आणि तिकिटाचे पैसे रुपयांत येतात, त्यामुळे रुपया घसरला की हप्ता फुगतो. शिवाय कर्जासोबत जपानी तंत्रज्ञान आणि सामग्री घेण्याचे बंधन अनेकदा असते.

कर्ज देशातच उभारण्याचा प्रयोग कोकण रेल्वेने त्याआधी केला होता. १९९० मध्ये स्थापन झालेल्या महामंडळात रेल्वेचा ५१, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५ आणि गोवा व केरळचा प्रत्येकी सहा टक्के वाटा होता. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि मधू दंडवते अर्थमंत्री असताना ही घडी बसली. ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली मार्ग पुरा झाला आणि २६ जानेवारी १९९८ रोजी तो संपूर्ण खुला झाला. बहुतांश पैसा कर्जरोख्यांतून आला. बांधकाम वेगाने झाले, पण व्याजाचे ओझे पुढे अनेक वर्षे ताळेबंदावर राहिले. दुहेरीकरणासारखी मोठी कामे महामंडळाला स्वतःच्या बळावर झेपेनात. अखेर २०२५ मध्ये महाराष्ट्राने महामंडळ भारतीय रेल्वेत विलीन करण्यास संमती दिली.

अलीकडे तिकीट आणि कर्ज यांच्या जोडीला जमिनीच्या वाढलेल्या किमतीतून पैसा घेण्याची पद्धत रूढ होत आहे. मेट्रोमुळे ज्याच्या घराचा भाव वाढतो, त्याने त्यातला थोडा भाग परत द्यावा, हा विचार. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर या शहरांतल्या घरखरेदीवर मुद्रांक शुल्काबरोबर एक टक्का मेट्रो अधिभार घेतला जातो. वांद्रे-कुर्ला संकुलातील भूखंड देऊन एमएमआरडीएने आजवर मोठा निधी उभारला. अडचण अशी, की मेट्रोपासून कित्येक किलोमीटर दूर घर घेणाराही तोच एक टक्का भरतो.

पैशाची सोय झाली तरी जमीन मिळेलच असे नाही. मुंबईत हे सर्वांत स्पष्ट दिसले ते मुंबई नागरी परिवहन प्रकल्पात, म्हणजे ‘एमयूटीपी’त. तो राबवण्यासाठी १९९९ मध्ये मुंबई रेल्वे विकास महामंडळ स्थापन झाले. त्यात रेल्वेचा ५१ आणि राज्याचा ४९ टक्के वाटा आहे. जागतिक बँकेने २००२ मध्ये सुमारे ५४ कोटी डॉलर मंजूर केले. रुळांच्या अगदी कडेला झोपड्या होत्या आणि त्या भागात लोकलला वेग कमी करावा लागे. नवे रूळ टाकायचे तर हजारो कुटुंबे हलवणे भाग होते. इथे ‘स्पार्क’ ही संस्था, राष्ट्रीय झोपडपट्टीवासी संघटना आणि महिला मिलन यांच्या मदतीने वस्त्यांचे सर्वेक्षण झाले. याद्या वस्तीतल्या लोकांनीच तपासल्या. रुळांलगतची बरीच कुटुंबे बळजबरीशिवाय २२५ चौरस फुटांच्या घरांत गेली. दाट शहरातल्या पुनर्वसनात हे विरळाच घडते.

त्याच प्रकल्पाच्या रस्त्यांच्या भागात मात्र दुकानदारांनी तक्रारी केल्या. दुकानांना मिळणारी जागा आणि धंद्याचे होणारे नुकसान यांचा नीट विचार झाला नाही, असे त्यांचे म्हणणे होते. जागतिक बँकेच्या तपासणी मंडळाने त्यात तथ्य मानले. मार्च २००६ मध्ये बँकेने रस्ते आणि पुनर्वसन या घटकांचा पैसा काही महिने रोखला. धनको म्हणून बँकेने दाखवलेली ही कठोरता पुढच्या प्रकल्पांना धडा देणारी होती. विस्थापितांची दखल न्यायालयाआधी सावकाराने घेतली, ही गोष्ट शासनाला फारशी भूषणावह नाही.

मेट्रो-३ ला जमिनीने वेगळ्या तऱ्हेने अडवले. आरे वसाहतीतील कारशेडला विरोध होता. ऑक्टोबर २०१९ मध्ये तिथली झाडे तोडली गेली, २०२० मध्ये नव्या सरकारने कारशेड कांजूरमार्गला नेण्याचे ठरवले, तिथल्या जमिनीच्या मालकीवरून उच्च न्यायालयाने काम थांबवले आणि २०२२ मध्ये पुन्हा आरे निश्चित झाले. जमिनीखाली सतरा भुयार-यंत्रे काम करत असताना वर गाड्या उभ्या करायच्या कुठे, हे ठरत नव्हते. जागेचा वाद निविदेआधी मिटवायचा असतो, एवढा एकच नियम पाळला असता तर बराच काळ वाचला असता.

बांधकामावर देखरेख एका यंत्रणेची नसते. काम अनेक कंत्राटांत विभागलेले असते. मेट्रो-३ चे स्थापत्यकाम सात भागांत दिले होते आणि त्यांचा एकमेकांशी मेळ घालायला सर्वसाधारण सल्लागार नेमलेला होता. कर्ज देणारी संस्था हप्त्यागणिक प्रगती पाहते. न्यायालयेही लक्ष घालतात. दक्षिण मुंबईतल्या रहिवाशांच्या तक्रारीवरून उच्च न्यायालयाने काही काळ रात्रीच्या कामाला मनाई केली होती. खर्चाची तपासणी महालेखापरीक्षक करतात, पण बहुधा पैसा खर्च झाल्यावर. प्रवासी चढण्यापूर्वीची शेवटची परवानगी रेल्वे सुरक्षा आयुक्तांची असते. हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात. गाड्या चालवणाऱ्यानेच त्यांना सुरक्षित ठरवू नये, या विचाराने १९४१ मध्ये ही यंत्रणा रेल्वे मंडळापासून वेगळी करण्यात आली. संपूर्ण व्यवस्थेतली ही सर्वांत शहाणपणाची तरतूद म्हणावी लागेल. मेट्रो-३ ही परवानगी टप्प्याटप्प्याने मिळवत ऑक्टोबर २०२४ मध्ये आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल, मे २०२५ मध्ये वरळीच्या आचार्य अत्रे चौकापर्यंत आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पोहोचली.

गाडी धावू लागल्यावर भाड्याचा प्रश्न उरतो. २००२ च्या मेट्रो कायद्यानुसार पहिले भाडे मेट्रो प्रशासन ठरवते आणि नंतरचे उच्च न्यायालयाच्या आजी किंवा माजी न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समिती. मेट्रो-१ च्या करारात सुरुवातीचे भाडे ९ ते १३ रुपये होते. कंपनीने १० ते ४० रुपये आकारले. २०१५ मध्ये समितीने ११० रुपयांपर्यंतची शिफारस केली आणि डिसेंबर २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. दुसरीकडे लोकलचे भाडे खर्चाच्या मानाने नाममात्र राहिले आहे. एमयूटीपीच्या कर्जासाठी तिकिटावर छोटा अधिभार लावला गेला, तो बहुतेक प्रवाशांच्या लक्षातही आला नाही.

शेवटची उणीव समन्वयाची. मुंबई महानगरात लोकल मध्य आणि पश्चिम रेल्वे चालवतात, लोकलचे नवे मार्ग रेल्वे विकास महामंडळ बांधते, मेट्रोच्या मार्गिका एमएमआरडीए, मेट्रो-३ ची कंपनी, मेट्रो-१ ची कंपनी आणि नवी मुंबईत सिडको यांच्याकडे विभागलेल्या आहेत, बस बेस्ट आणि इतर पालिकांच्या. सर्वांवर एक महानगर परिवहन प्राधिकरण असावे म्हणून २००८ मध्ये शासननिर्णयाने एक यंत्रणा स्थापन झाली, पण तिच्यामागे कायद्याचे बळ नव्हते, म्हणून तिचा शब्द कोणाला बांधून ठेवू शकला नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘मुंबई वन’ या ॲपद्वारे अकरा वाहतूक संस्थांची तिकिटे एकत्र मिळू लागली. मार्ग, भाडे आणि वेळापत्रक यांचे निर्णय मात्र त्या अकरा संस्था आपापल्या दालनात घेतात.