बटण बंद, पण दगड फिरतोच : कोनीय वेग आणि कोनीय त्वरण

आजचा विषय भौतिकशास्त्राचा आहे. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे सूत्राआधी प्रश्न विचारायची खोड आहे. प्रश्न असा : फिरणाऱ्या वस्तूचा वेग किती, असं कुणी विचारलं, तर तो वस्तूच्या नेमक्या कुठल्या भागाचा सांगायचा?

पोलादपूर तालुक्यातल्या कुडपणसारख्या डोंगरी गावातलं एखादं जुनं घर डोळ्यांपुढे आणा. पडवीत नाचणी दळायचं जातं आहे. घड्याळ लावून मोजलं आणि मिनिटाला ४० फेरे भरले असं धरू. कडेवरून त्रिज्येएवढं अंतर कापलं की एक रेडियन होतो. पुऱ्या फेऱ्यात असे ६.२८ रेडियन. मग ४० गुणिले ६.२८ भागिले ६०, म्हणजे सेकंदाला साधारण ४.२ रेडियन. हा झाला कोनीय वेग.

आता खुंटा मध्यापासून २० सेंटीमीटरवर असेल, तर ०.२ गुणिले ४.२, म्हणजे तो सेकंदाला ०.८४ मीटर पळतो. खिळीपासून ५ सेंटीमीटरवरचा ठिपका मात्र फक्त ०.२१ मीटर. साधा वेग ठिपक्यागणिक वेगळा. कोनीय वेग अख्ख्या दगडाचा एकच. आपल्या प्रश्नाचं उत्तर हेच.

आता त्वरण. कोनीय वेगात झालेला बदल भागिले लागलेला वेळ, एवढंच ते. हात सोडल्यावर जातं दोन सेकंदांत थांबलं, तर ४.२ भागिले २, म्हणजे दर सेकंदाला २.१ रेडियन प्रति सेकंद इतका वेग घटला. घटतो म्हणून हे त्वरण ऋण. वेग एकसारखा घटला असं मानलं, तर सरासरी मिनिटाला २० फेरे. दोन सेकंदांत एक फेराही पुरा होत नाही.

आता पिठाच्या गिरणीत या. समजा तिथला दगड मिनिटाला ४२० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ७ फेरे, ४४ रेडियन. बटण बंद केल्यावर तो २० सेकंदांनी थांबला. ४४ भागिले २० म्हणजे २.२. पाहा, त्वरण जवळपास जात्याएवढंच! पण फेरे मोजा : सरासरी सेकंदाला साडेतीन, वीस सेकंदांत ७०. वेग दहापट, तर थांबेपर्यंतचे फेरे सुमारे शंभरपट. त्वरण तेच असेल, तर फेरे वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतात.

मी हे गणित एवढ्यासाठी मांडलं, की बटण बंद झालं म्हणजे यंत्र थांबलं असं आपल्या मनाला वाटतं. त्या ७० फेऱ्यांत पट्ट्याजवळ गेलेला पदर, ओढणी किंवा पीठ झाडायला घातलेला हात सापडू शकतो. ‘बंद केलं’ ही आपली कृती, ‘थांबलं’ ही दगडाची अवस्था. दोन्हींच्या मध्ये वेळ असतो.

तेव्हा घरी पंखा बंद करून तो थांबेपर्यंतचे सेकंद मोजून पाहा. आणि गिरणीत पट्टा पुरता थांबेपर्यंत लांब उभे राहा. पुढच्या वेळी भेटू.