वार्ममीटे म्हणजे ठरलेला खर्च नव्हे

जर्मनीत घर शोधणाऱ्या अनेक मराठी विद्यार्थ्यांना ‘वार्ममीटे’ (हीटिंग व इतर खर्चांसह भाडे) ही अंतिम रक्कम वाटते. तसे वाटणे स्वाभाविक आहे. पण त्यातला हीटिंगचा भाग सहसा केवळ अंदाजाने घेतलेला आगाऊ हप्ता असतो. पगारातून कापल्या जाणाऱ्या टीडीएससारखा: हिशेब वर्षअखेरीस, कमी पडले तर भरायचे, उरले तर परत.

सामाईक हीटिंगच्या इमारतीत साधारणतः 50 ते 70 टक्के खर्च प्रत्यक्ष वापरावर आणि उरलेला बहुधा क्षेत्रफळावर आकारतात. त्यामुळे रेडिएटर बंद ठेवूनही बिल शून्य होत नाही. ‘आल्टबाऊ’मध्ये (जुन्या बांधणीची इमारत) उंच छत, जुन्या खिडक्या, उष्णतारोधक थर नसलेल्या भिंती महागच पडतात. करारापूर्वी ऊर्जा प्रमाणपत्र आणि मागील वर्षाचा हीटिंगचा हिशेब जरूर मागा.