दोन टक्क्यांत न बसणारी किर्लोस्करवाडी

‘सीएसआर म्हणजे ते झाडं लावणं ना?’ पीएचडीचा विषय सांगितला की हा प्रश्न ठरलेला. झाडंही येतात म्हणा त्यात. पण मला पडलेला प्रश्न वेगळा आहे: घराण्याच्या कंपनीत हा खर्च कायद्यासाठी होतो, की ‘आम्ही कोण’ या भावनेतून?

‘आम्ही कोण’ला संशोधनात संघटनात्मक ओळख म्हणतात. अल्बर्ट आणि व्हेटन यांनी १९८५ मध्ये तिच्या तीन खुणा सांगितल्या: गाभ्याची, इतरांहून वेगळी, टिकणारी. घराण्याच्या कंपनीत तर पाटीवर आडनावच असतं. कंपनीची बदनामी थेट घरात येते.

आता किर्लोस्करवाडी बघा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळावर कारखाना आणि सोबत वसाहत उभी केली. तिथे अस्पृश्यता पाळायची नाही, हा नियम. शिक्षा भोगून आलेल्या माणसांना त्यांनी चक्क रात्रीचे पहारेकरी नेमलं. सीएसआर हा शब्दही तेव्हा नव्हता.

आणि आजचा कायदा? कंपनी कायदा २०१३, कलम १३५. ठरावीक मर्यादेपुढच्या कंपन्यांनी (उदाहरणार्थ, निव्वळ नफा ५ कोटी किंवा जास्त) आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान २ टक्के सामाजिक कामावर खर्चायचे. पण फक्त कामगार आणि त्यांच्या कुटुंबांसाठी केलेलं काम त्यात धरत नाहीत. म्हणजे कामगारांची वसाहत आज बांधली, तर तो सीएसआर नाही!

नियमामागचं कारण मला पटतं. नाहीतर कँटीनचं बिलही समाजसेवेत दाखवलं गेलं असतं. अडचण आम्हा संशोधकांची आहे. वार्षिक अहवालातला सीएसआरचा आकडा उचलायचा आणि त्यावरून घराण्याची मूल्यं मोजायची, हा सोपा रस्ता. पण कायद्यानेच सगळ्यांना २ टक्क्यांकडे ढकललंय. त्या आकड्यातून वेगळेपण कसं दिसणार?

उलट बाजूही आहे. नोकरी, घर, शाळा सगळं एकाच मालकाच्या हातात असलं की कामगार ‘नाही’ कसं म्हणेल? आणि घराण्याची ओळख म्हणजे नुसता चांगुलपणा नव्हे. स्पेनमधल्या ऑलिव्ह तेलाच्या गिरण्यांवर गोमेझ-मेहिया आणि सहकाऱ्यांचा २००७ चा अभ्यास आहे. सहकारी संस्थेत गेलं तर आर्थिक धोका कमी होता, तरी ताबा सुटू नये म्हणून अनेक घराणी बाहेरच राहिली.

म्हणून मी अहवालाआधी कामगारांशी बोलते. कंपनीबद्दल सांगताना ते ‘आम्ही’ म्हणतात की ‘ते लोक’, हे मी वहीत टिपून ठेवते.