बशीतलं वर्तुळ आणि दुकानातलं मटण

बारामती किंवा इंदापूरच्या बाजारातून कच्च्या मांसाचा नमुना आणायचा, त्यातले जिवाणू वेगळे करून बशीतल्या आगरच्या थरावर पसरायचे, थरात पाडलेल्या छिद्रात कडुनिंबाचा, तुळशीचा किंवा लवंगेचा अर्क सोडायचा. दुसऱ्या दिवशी छिद्राभोवती जिवाणू न वाढलेलं स्वच्छ वर्तुळ दिसलं, की अर्क चालला. हा प्रयोग महाविद्यालयातही जमतो आणि वर्तुळ खोटं नसतं. लवंगेतलं युजेनॉल जिवाणूचं पेशीपटल खिळखिळं करतं, लसूण ठेचल्यावर तयार होणारं अ‍ॅलिसिन त्याची विकरं निकामी करतं. पण तेवढ्यावरून या अर्कानं मटण सुरक्षित होईल असं म्हणणं मला घाईचं वाटतं.

वर्तुळाचा आकार अर्काच्या ताकदीइतकाच तो आगरात किती पसरतो यावरही ठरतो. हळदीतलं कुरक्युमिन पाण्यात जवळपास विरघळत नाही, म्हणून त्याचं वर्तुळ लहान दिसू शकतं. अर्क अल्कोहोलमध्ये काढला असेल, तर तुलनेसाठी शेजारी निव्वळ अल्कोहोलचं छिद्र हवंच. स्टॅफिलोकोकस या जिवाणूवर असे अर्क तुलनेनं सहज चालतात, मात्र ई. कोलाय आणि साल्मोनेला यांचं बाहेरचं जादा पटल अनेक वनस्पतिजन्य रेणूंना अडवतं. आणि कच्च्या चिकनमधून जुलाब-ताप देणाऱ्यांत साल्मोनेला पुढे असतो. शिवाय मांसातली प्रथिनं आणि चरबी अर्कातले रेणू धरून ठेवतात, त्यामुळे बशीत पुरलेली मात्रा मांसावर अपुरी पडते. मात्रा वाढवली, तर लवंगेच्या उग्र वासानं ते मटण कुणी खाणार नाही.

मग मटणाला हळद, मीठ, आलं-लसूण चोळायची आपली रीत वाया का? मुळीच नाही. त्यानं पृष्ठभागावरची वाढ काहीशी मंदावते. पण जंतू मरतात ते चुलीवर. मांस आतपर्यंत ७५ अंशांना पोचलं, की साल्मोनेला सेकंदांत संपतो. त्याआधी, चाळिशीच्या उन्हात उघड्यावर टांगलेल्या मांसाला बर्फाची आणि कापायच्या धुतलेल्या ओंडक्याची गरज अर्कापेक्षा कितीतरी जास्त आहे.

प्रतिजैविकं निष्प्रभ होत असताना वनस्पतींकडे पाहू नये का, हा प्रश्न मात्र रास्त आहे. कोलिस्टिन हे माणसासाठी शेवटच्या फळीतलं औषध कोंबड्यांना देण्यावर भारतानं २०१९ मध्ये बंदी घातली, इतकी ती चिंता खरी आहे. म्हणूनच हे संशोधन बशीत थांबू नये. अर्काची किमान मारक मात्रा काढावी, अर्क घातलेला आणि न घातलेला खिमा चार अंशांवर ठेवून दोन्हींतले जिवाणू रोज मोजावेत, आणि तोच खिमा शिजवून चवीलाही द्यावा.