आवाज तेवढा काढून द्या

सकाळी १०. लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात, त्यातल्या एकावर माझं व्हिडिओ मिक्सिंगचं दुकान. शटर वर जायच्या आत एका शिकवणीचा पोरगा हार्डडिस्क घेऊन उभा. नीटची तयारी करणारी मुलं मेसला जाता-येता कानात तास लावतात, तेव्हा फळा दिसला नाही तरी चालतो. तासाभराच्या व्हिडिओनं मोबाइल भरून जातो. त्यातला आवाज १२८ केबीपीएसचा असेल तर जेमतेम ५८ एमबी.

१०.३०. आधी 'एफएफप्रोब' लावून आत काय आहे ते बघतो. एमपी४ हे नुसतं टरफल. आत चित्र एच.२६४ चं, आवाज एएसीचा, दोन्ही सुटे. मग 'एफएफएमपेग'ला सांगायचं, चित्र नको, आवाज आहे तसा कॉपी कर, आणि फाइलच्या नावापुढे एम४ए लावायचं. काही सेकंदांत तास बाहेर! फाब्रिस बेलार या फ्रेंच माणसानं २००० साली सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, तरी लोक कुठले-कुठले कन्व्हर्टर घेऊन तासन् तास एन्कोड करत बसतात. एएसी बनतानाच आवाजातला काही भाग कायमचा टाकलेला असतो. पुन्हा दाबला की उरलेल्यातलाही जातो. डाळ मिलच्या गावाला हे वेगळं सांगायला नको. शेंग सोलली तर तुरीचा दाणा अख्खा राहतो, भरडला की चुरी पडणारच.

दुपारी १२.३०. सप्ताहातलं कीर्तन आलं. "महाराजांचा आवाज तेवढा काढून द्या ओ, ट्रॅक्टरवर ऐकायचाय." कॅमेरा जुना एव्हीसीएचडी, म्हणजे एमटीएस फाइली आणि आवाज डॉल्बी एसी-३. कार्ड फॅट-३२ असलं की ४ जीबीच्या वरची फाइल त्यात मावत नाही, म्हणून कीर्तनाचे तुकडे पडलेले. प्रत्येक तुकड्यातून आवाज काढून मग जोडला, तर सांध्यावर टाळाचा ठेका अडखळू शकतो. म्हणून आधी तुकडे क्रमानं जोडायचे, आवाज नंतर. पण ट्रॅक्टरच्या टेपला एसी-३ कळत नाही, त्याला एमपी३च लागतं. इथं एन्कोड करण्यावाचून इलाज नाही. मी एमपी३ करून देतो, मूळ आवाज शेजारी वेगळ्या फोल्डरला ठेवतो आणि "मामा, हे पुसू नका" एवढं बजावतो.

२. जेवण. लाइट गेली तर जास्त वेळ जेवण.

३.३०. लग्नाची व्हिडिओ सीडी. एका मावशींना सासूबाईंच्या ओव्या तेवढ्या हव्यात. यात अवघड काम आवाजाचं नाहीच. चरे पडलेली तबकडी वाचताना ड्राइव्ह घरघरत बसतो, पुसून पुसून पुन्हा लावायची. एकदा डॅट फाइल उतरली की आतला २२४ केबीपीएसचा एमपी२ आवाज लगेच सुटतो. ओव्यांपुरता तुकडाही एन्कोड न करता कापता येतो. चित्र कापायचं तर की-फ्रेम शोधावी लागते. या आवाजाची फ्रेम सेकंदाच्या साधारण चाळिसाव्या भागाएवढी, त्यामुळं कुठंही कापा, कानाला फरक कळत नाही.

६. गर्दीची वेळ. "दादा, ३२० मध्ये करून द्या की, भारी वाजतंय." मूळ आवाज १२८ चा असेल तर ३२० नं फाइल अडीच पट फुगते, आवाज तेवढाच राहतो. दुसऱ्यानं एमपी४ चं नाव बदलून एमपी३ केलेलं, आणि आता "गाडीत वाजंना झालंय" म्हणून तक्रार. नाव बदलून आतला माल बदलत नाही, हे त्याला पटवण्यातच दहा मिनिटं गेली.

८.३०. शटर खाली. कुणाला घरच्या लग्नाचा, कीर्तनाचा आवाज काढून घ्यायचा असेल, तर व्हॉट्सॲपवर आलेला व्हिडिओ आणू नका, तो वाटेतच दाबला गेलेला असू शकतो. कॅमेऱ्याचं कार्ड किंवा मूळ फाइलच आणा.