पिलाटीझ व्यायामपद्धती

पिलाटीझ व्यायामपद्धती : श्वसनाशी मेळ राखून केलेल्या संथ व नियंत्रित हालचालींनी धडाच्या स्नायूंचे बल, सांध्यांची लवचिकता आणि शरीराचा तोल वाढविणारी व्यायामपद्धती. योझेफ हूबर्टस पिलाटीझ (९ डिसेंबर १८८३–९ ऑक्टोबर १९६७) या जर्मन व्यायामतज्ञांनी ती विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात विकसित केली. दिवसभर बसून काम करणाऱ्यांची अंगस्थिती सुधारण्यासाठी या पद्धतीचा पुरस्कार केला जातो.

इतिहास : पिलाटीझ यांचा जन्म जर्मनीतील मन्शनग्लाटबाख येथे झाला. पहिल्या महायुद्धाच्या वेळी ते इंग्लंडमध्ये होते. शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून त्यांना स्थानबद्ध करण्यात आले व मॅन बेटावरील नॉकालो छावणीत ठेवण्यात आले. १९२६ मध्ये ते अमेरिकेस गेले आणि सहचारिणी क्लॅरा यांच्यासह त्यांनी न्यूयॉर्क येथे व्यायामशाळा चालविली. नर्तक-नर्तिकांमध्ये ही पद्धती विशेष लोकप्रिय झाली. स्वतः पिलाटीझ तिला ‘कंट्रॉलॉजी’ म्हणजे नियंत्रणशास्त्र म्हणत. १९४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी सतरंजीवर करावयाचे ३४ व्यायाम दिले आहेत. यांशिवाय स्प्रिंगांचा विरोध वापरणारी ‘रिफॉर्मर’ इ. साधनेही त्यांनी तयार केली. ‘पिलाटीझ’ ही व्यायामप्रकाराची सर्वसामान्य संज्ञा असल्याचा निर्णय अमेरिकेतील न्यायालयाने २००० मध्ये दिला. त्यामुळे या नावाखाली शिकविल्या जाणाऱ्या व्यायामांत व शिक्षकांच्या तयारीत पुष्कळ तफावत आढळते.

बैठ्या कामाचे परिणाम : पाठीचा कणा बाजूने पाहिल्यास सरळ नसतो. मान व कंबर या ठिकाणी त्याचा बाक पुढे, तर छातीच्या भागात मागे असतो. खुर्चीवर सैलपणे बसले असता श्रोणी (कटिरातील हाडांचा सांगाडा) मागे कलते, कमरेचा बाक सपाट होतो, पाठ गोलावते आणि डोके पुढे येते. प्रौढ व्यक्तीच्या डोक्याचे वजन सुमारे ४·५ ते ५ किग्रॅ. असते. ते धडाच्या पुढे गेले की, त्यास सावरण्यासाठी मानेच्या मागील स्नायूंना सतत आकुंचित राहावे लागते. मांडीच्या सांध्यापुढील स्नायू आखडलेल्या स्थितीत राहतात आणि नितंबाचे स्नायू जवळजवळ निष्क्रिय असतात.

बैठकीने मणक्यांमधील चकत्यांवर उभे राहण्यापेक्षा अधिक दाब पडतो, असे स्वीडिश अस्थिशल्यचिकित्सक आल्फ नाकेमसन यांच्या मापनांवरून दीर्घकाळ मानले जात होते. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतील मापनात मात्र सैल बैठकीतील दाब उभ्या स्थितीपेक्षा जास्त आढळला नाही. म्हणून दोष केवळ ‘चुकीच्या’ बैठकीचा मानता येत नाही. एकच स्थिती तासन्‌तास न बदलणे हा त्यातील महत्त्वाचा भाग होय. प्रौढाच्या चकतीत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. तिचे पोषण मुख्यतः विसरणाने होते.

व्यायामांचे कार्य : उदराचा आडवा स्नायू, कण्यालगतचे लहान स्नायू, मध्यपटल आणि श्रोणितलाचे स्नायू मिळून धडाला आधार देतात. पिलाटीझमध्ये हातापायांची हालचाल चालू असताना हा आधार टिकवून धरण्याचा सराव होतो. त्याचबरोबर आपली श्रोणी, बरगड्या व डोके कोणत्या स्थितीत आहेत याची जाणीव वाढते. बैठे काम करणाऱ्यास या जाणिवेचा उपयोग मोठा असतो. कारण पाठ गोलावल्याचे त्याच्या सहसा लक्षातच येत नाही.

व्यायामांची निवडही महत्त्वाची आहे. मूळ ३४ पैकी बरेच व्यायाम कणा पुढे वाकविण्याचे आहेत. दिवसभर वाकून बसणाऱ्याने केवळ तेवढेच केल्यास हेतू साधत नाही. त्याने कणा मागे वाकविणाऱ्या व वळविणाऱ्या हालचालींवर अधिक भर द्यावा. उदा., पालथे झोपून छाती उचलण्याचा ‘स्वॅन’ (भुजंगासनाशी बाह्यतः साम्य असलेला), त्याच स्थितीत विरुद्ध हात व पाय आळीपाळीने उचलण्याचा ‘स्विमिंग’, उताणे झोपून कंबर उचलण्याचा ‘शोल्डर ब्रिज’ आणि बसून धड वळविण्याचा ‘स्पाइन ट्विस्ट’. श्वास रोखू नये. मोठ्या संख्येपेक्षा मोजक्या पण अचूक आवृत्त्या कराव्यात.

उपयुक्तता व मर्यादा : कंबरदुखीवरील चाचण्यांचा आढावा कॉक्रेन या संस्थेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. अत्यल्प उपचार मिळालेल्यांच्या तुलनेने पिलाटीझ करणाऱ्यांच्या वेदना व असमर्थता कमी झाल्याचे त्यात दिसून आले. मात्र हा पुरावा निम्न ते मध्यम प्रतीचा होता. इतर व्यायामांहून ही पद्धती श्रेष्ठ असल्याचे निर्णायकपणे सिद्ध झाले नाही. म्हणजेच लाभ होतो, पण त्यासाठी हीच पद्धती किंवा तिची महाग साधने अनिवार्य नाहीत. नियमितपणे करता येईल असा व्यायाम निवडणे अधिक हिताचे असते.

शिवाय आठवड्यातील दोनतीन तासांच्या व्यायामाने उरलेल्या दिवसांची अखंड बैठक भरून निघत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांना आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल, किमान दोन दिवस स्नायूबलवर्धक व्यायाम आणि बैठकीचा काळ कमी करणे, या तिन्ही गोष्टी सुचविल्या आहेत. पिलाटीझने यांपैकी मुख्यतः दुसरी गरज भागते. म्हणून कामाच्या वेळी वरचेवर उठून चार पावले चालणे आवश्यकच राहते.

अस्थिसुषिरता असलेल्यांनी कणा जोराने पुढे वाकविणारे व्यायाम टाळावेत. चकती सरकल्याचे निदान झालेल्यांनी व गर्भवती स्त्रियांनी वैद्यकीय सल्ल्यानेच प्रारंभ करावा. पायात बधिरता किंवा दुर्बलता येणे, मलमूत्रावरील ताबा सुटणे ही लक्षणे दिसल्यास व्यायाम थांबवून तातडीने वैद्याकडे जावे.